वाचकांचे प्रश्न : घाटमाथ्याचा पाऊस

प्रश्न : सह्याद्री आणि पश्चिम घाट एकच का? महाबळेश्वरला धो धो पाऊस पडत असताना जवळच्याच वाईत तो इतका कमी कसा?

उत्तर : तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर पसरलेल्या संपूर्ण रांगेला पश्चिम घाट म्हणतात, महाराष्ट्रात तिच्यासाठी सह्याद्री हेच जुने नाव रूढ आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे कोकणाच्या बाजूच्या उभ्या कड्यांवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच बहुतेक पाणी रिते करतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पूर्वेला उतरताना तेच वारे तापतात, त्यांची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरतात. त्यामुळे पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो आणि वाईत आणखी घटतो. पावसाळ्यात पसरणी घाट उतरताना दाट धुके मागे पडून ऊन दिसते, ते यामुळेच. मात्र वाईच्या शेतीला आधार देणारी कृष्णा याच माथ्यावर उगम पावते, म्हणून तिथल्या जंगलाची जपणूक पठारावरच्या लोकांनीही आपली मानली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.