पोस्टग्रेसच्या टेबलांवरून थेट पाय चार्ट: कोणतं साधन घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकं आणि देवघेव पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे, दर महिन्याला डेटा एक्सेलमध्ये काढून साहित्यप्रकारानुसार पाय चार्ट, म्हणजे तुकडे पाडलेलं वर्तुळ, करावा लागतो, आणि हे काम टेबलावरूनच आपोआप करणारं फुकट साधन हवंय.

मेटाबेस घ्या, डेटाबेसवरून आलेख काढणारं साधन. मुक्तस्रोत आहे, नव्या आवृत्तीचं जावा असलेल्या मशिनवर एका जार फाइलने (जावा प्रोग्रॅमची फाइल) चालू होतं आणि ब्राउझरमध्ये ३००० पोर्टवर उघडतं. टेबल निवडायचं, 'समराइझ'मध्ये मोजणी आणि साहित्यप्रकाराचा कॉलम द्यायचा, आलेल्या आलेखाचा प्रकार बदलून पाय करायचा. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायची आज्ञा, लिहावी लागत नाही, त्यामुळे ग्रंथपालांनाही ते जमेल. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी करा. जोडणीसाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा पोस्टग्रेस युजर बनवा. आणि मेटाबेस स्वतःची माहिती सुरुवातीला एच-टू नावाच्या फाइलमध्ये ठेवतं, ती पोस्टग्रेसमध्ये हलवा. ती फाइल बिघडली तर तुमची पुस्तकं सुरक्षित राहतील, पण बनवलेले सगळे चार्ट जातील.

ग्राफाना हे आलेखांचं दुसरं साधन आधीपासून चालू असेल तर त्यातही पाय चार्ट आहे. तिथे सगळ्यांची एकच तक्रार असते, की वर्तुळात एकच रंग दिसतो. पॅनलच्या पर्यायांत 'कॅल्क्युलेट' निवडलेलं असतं, ते 'ऑल व्हॅल्यूज' करा. अपाचे सुपरसेट हे तिसरं साधन ताकदीचं आहे, पण एका ग्रंथालयासाठी त्याची देखभाल म्हणजे नसता व्याप.

साधनाचा प्रश्न इथे संपला. खरं काम डेटाबेसमध्ये आहे. पाय चार्टला शेवटी दोनच कॉलम लागतात: भागाचं नाव आणि आकडा. हे दोन कॉलम देणारा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेली क्वेरी, पोस्टग्रेसमध्येच बनवून ठेवा आणि मेटाबेसला तो दाखवा. उद्या साधन बदललं तरी व्ह्यू तसाच राहील, आणि आकड्यांवर वाद झाला तर तपासायला एकच जागा असेल.

व्ह्यू लिहिताना पहिली अडचण येईल ती मराठी मजकुराची. एक प्रकार 'कादंबरी', दुसरा 'कादंबर्या': हे डोळ्यांना दिसतं तरी. त्रास देतो तो न दिसणारा फरक, मग ती शब्दामागे राहिलेली एक स्पेस का असेना. 'वऱ्हाडी' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कुणी ऱ हे तयार अक्षर वापरून टाइप करतं, कुणी र आणि खाली नुक्ता देऊन, तर कुणाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असं लिहितो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण पोस्टग्रेस सहसा बाइट जुळल्याशिवाय दोन शब्द समान मानत नाही, म्हणून ग्रुप बाय (सारख्या नोंदींचे गट करणारी आज्ञा) केल्यावर 'वऱ्हाडी' नावाचे तीन तुकडे येतात आणि माणूस साधनाला दोष देत बसतो. पोस्टग्रेस १३ पासून एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे, त्याने पहिले दोन एक होतात. तिसऱ्यातलं जोडचिन्ह त्याने जात नाही, त्यासाठी ते चिन्ह काढून टाकणारं रिप्लेस वेगळं लिहावं लागतं. पक्का इलाज एकच: साहित्यप्रकारांचं वेगळं टेबल करा आणि पुस्तकाच्या नोंदीत फक्त त्याचा क्रमांक ठेवा. मग टाइप करण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण जॉइनची, म्हणजे दोन टेबलं जोडण्याची. पुस्तकांना लेखकांचं टेबल जोडलंत की दोन लेखकांचं पुस्तक दोनदा मोजलं जातं. मेटाबेसच्या वर्तुळाच्या मधोमध एकूण बेरीज दिसते, ती दाखलनोंद रजिस्टरशी ताडून बघा. जास्त येत असेल तर पुस्तकाचा क्रमांक डिस्टिंक्ट करून, म्हणजे प्रत्येक क्रमांक एकदाच धरून, मोजा. प्रकारच न भरलेली पुस्तकंही असतीलच. मोजणीच्या काउंट या आज्ञेत प्रकाराच्या रकान्याचं नाव दिलंत तर ती गुपचूप गळतात, तारांकन दिलंत तर त्यांचा वेगळा गट येतो. तो 'नोंद नाही' या नावाने दाखवा. कार्यकारिणीने तो तुकडा बघायलाच हवा.

एका पुस्तकाला दोन-तीन विषय देत असाल, तर विषयांचा पाय चार्ट करूच नका. तुकड्यांची बेरीज पुस्तकांपेक्षा जास्त होते, आणि तरी वर्तुळ शंभर टक्केच दाखवतं. तिथे आडवे स्तंभ वापरा. जानेवारीची देवघेव फेब्रुवारीशी ताडायची असेल तरीही स्तंभच. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवलं होतं, की कोनापेक्षा एका रेषेवरची उंची माणसाला जास्त अचूक वाचता येते. पाय चार्ट पाच-सहा तुकड्यांपर्यंत ठीक. त्यापुढे मेटाबेसमध्ये तुकड्याची किमान टक्केवारी ठरवता येते, त्याखालचे सगळे 'इतर'मध्ये जातात.

पायथनने करू का, असंही तुम्ही विचारलंय. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकोन येतात. देवनागरी फाँट दिला तरी मी वापरलेल्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनांना ही अडचण नसते, मेटाबेस सुचवण्याचं तेही एक कारण. कोड लिहायचाच असेल तर ब्राउझरमध्ये आलेख काढणारी चार्ट.जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी बघा.

आणि वार्षिक अहवालाच्या झेरॉक्स काढणार असाल, तर रंगांच्या सूचीवर विसंबू नका, सगळे रंग एकसारखे करडे होतात. मेटाबेसच्या सेटिंगमध्ये टक्केवारी चार्टवरच दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा, आणि खाली व्ह्यूमधले ते दोन कॉलम तक्ता म्हणून छापा.