दोन किनारी गावांमधली आठ किलोमीटरची पायवाट दोन तासांत चालून होईल का?

नकाशावर दोन गावांमधलं अंतर आठ किलोमीटर दिसतंय, रोज फिरायला जायची सवय आहे, मग दोन तास पुरतील ना, आणि आणखी कशाकडे लक्ष द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा पुरणार नाहीत. मला समुद्रकाठच्या वाटा चालायचा नाद आहे, पण तिथे नुसत्या किलोमीटरवर मी कधीच विसंबत नाही. वेळ ठरतो तो चढ-उतारावर आणि भरती-ओहोटीवर.

समुद्राला मिळणारा प्रत्येक ओढा कड्यात स्वतःची घळ कापतो. वाट कड्यावरून निघते, घळ आली की तळाशी उतरते आणि पलीकडे पुन्हा तेवढीच चढते. इंग्लंडचा साऊथ वेस्ट कोस्ट पाथ 1,014 किलोमीटरचा आहे. त्यावरची सगळ्यात उंच जागा जेमतेम 318 मीटर, पण पूर्ण वाटेवरचे चढ एकत्र मोजले तर सुमारे 35,000 मीटर भरतात, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळपास चौपट! चोरटा माल उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवायला तटरक्षक तिथून गस्त घालायचे. त्यांना लहानसहान खाडीतही डोकावायचं असे, त्यामुळे वाट सरळ अशी जातच नाही.

हिशोबाला 1892 सालचा नेस्मिथचा नियम अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, वर दर 100 मीटर चढाला दहा मिनिटं. तुमच्या वाटेवर 80 मीटरच्या पाच घळी धरल्या तर सव्वादोन तास झाले, तेही कुठेही न थांबता. आणि समुद्र दिसत असताना न थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. साडेतीन तास धरा.

आता पाणी. वाटेचा एखादा तुकडा पुळणीवरून किंवा कड्याच्या पायथ्याने जात असेल, तर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कालची वेळ आज उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं. फसवतो तो पाण्याचा वेग. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या भागाइतकं वाढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं. आपण निवांत बसलेलो असतो आणि पुढचं वळण बंद होतं. म्हणून तो तुकडा पाणी उतरत असतानाच ओलांडायचा.

वेळापत्रक हाताशी असलं तरी वाळूकडेही बघा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक वेडीवाकडी ओळ दिसेल. मागची भरती तिथपर्यंत आली होती. ही ओळ थेट कड्याला टेकलेली असेल किंवा दिसतच नसेल, तर भरतीला तिथे उभं राहायलाही जागा उरत नाही, असं समजा. कातळावर हिरवा-काळा गुळगुळीत थर दिसला की पाय टाकू नका. बारीक खरखरीत शिंपले चिकटलेल्या खडकावर बूट छान पकड घेतो, फक्त हात टेकू नका, सोलवटून निघतील.

कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढायचा मोह होतोच. पण लाटा खालून दगड पोखरतात, त्यामुळे वरून भक्कम दिसणारं गवत कधी कधी अधांतरी असतं. कुंपण नसलं तरी दोन-तीन मीटर आतच थांबा, वारा असेल तर त्याहून आत.

निघण्याआधी वाट चालू आहे का, हेही स्थानिक सूचनांमध्ये बघा. इटलीत रिओमाजोरे आणि मानारोला या गावांमधली जेमतेम किलोमीटरभराची प्रसिद्ध वाट 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली, ती 2024 मध्ये उघडली. आदल्या वर्षीच्या प्रवासवर्णनावर जाऊ नका.

पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या. वारं गार लागतं म्हणून ऊन जाणवत नाही. आणि शक्य असेल तर सकाळीच गाडीने पलीकडच्या गावी जा आणि तिथून मुक्कामाच्या गावाकडे चालत या. मग शेवटची बस चुकेल म्हणून घाईने उतार उतरावे लागत नाहीत.