वाचकांचे प्रश्न : पणजोबांची नोंद शोधायची कुठे?

प्रश्न : पणजोबा करवीर तालुक्यातले. 1911 आणि 1921 च्या जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं असणारच. ती पानं कुठे बघायला मिळतील?

उत्तर : कुठेच नाही. इंग्लंड-अमेरिकेत घरनिहाय पानं जपली आहेत, म्हणून हा समज पसरतो. आपल्याकडे बेरजा झाल्या की घरोघरच्या चिठ्ठ्या नष्ट होत. उरले ते छापील तक्ते, आणि त्यांत माणसाचं नाव नसतं. पुढच्या गणनांची वैयक्तिक माहितीही 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 मुळे कोणाला दाखवत नाहीत.

अपवाद एकच, 1951 ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. ती त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवली. तिच्यात घर क्रमांक, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा असं सगळं सापडतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. सगळ्या गावांची टिकलेली नाही. वयं मात्र 40, 45, 50 अशी ठोकळ लिहिलेली, तेव्हा पाच-सात वर्षं मागेपुढे धरा.

त्याआधीचा माणूस शोधायचा तर शेतसारा घेणाऱ्याच्या दप्तरात बघा. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) आणि एकेक फेरफार मागे जा. 'अमुक मयत, वारस अमुक' ही नोंद लागली की गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, मागवा. वारस नोंद बऱ्याचदा मृत्यूनंतर काही वर्षांनी झालेली असते, म्हणून फेरफाराच्या सालापासून मागची पाच वर्षं तरी चाळा. अर्जात मौजे, तालुका, नोंदवही आणि साल स्पष्ट लिहा. 'पणजोबांची सर्व कागदपत्रे मिळावीत' असं लिहिलंत तर 'आढळून येत नाही' हाच शेरा यायचा. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तर नोंदणीच कोलमडली होती; त्या सालची नोंद मिळाली नाही तर हात टेकू नका, पुढचा वारस फेरफार बघा.

जमीनच नव्हती? मग गावची जुनी शाळा गाठा. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यामुळे जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीत, भूमिहीन घरांतली मुलंही येऊ लागली. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली समजा.

प्रश्न : मोडी कागद वाचून घेतला, पण आमचं आडनाव कुठेच नाही.

उत्तर : आडनाव शोधूच नका. त्या काळी 'राणू बिन धोंडी' एवढंच लिहीत. बिन म्हणजे मुलगा. बाईचं नाव 'भागू कोम राणू', म्हणजे राणूची बायको. बाप-लेकाची जोडी जुळते का ते बघा. राणूचा राणोजी होतो, मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तेव्हा वाचणाऱ्याला घरातली चार-पाच नावं आधीच लिहून द्या. सालातही घोटाळा होतो. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे, आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे शेतसाऱ्याच्या सालात, 590. फसली 1300 म्हणजे 1890 च्या मृगापासूनचं वर्ष.

प्रश्न : आजोळ चंदगडचं. कोल्हापुरात काहीच हाती लागत नाही.

उत्तर : चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, जुनं दप्तर तिकडे विचारा. आजऱ्याचं गाव असेल तर ते इचलकरंजी जहागिरीतलं. कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. गाव त्या साली कोणाच्या अमलाखाली होतं हे ठरवल्याशिवाय अर्ज करू नका. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, बहुतेक मोडीत.

आणि सुगीनंतर गावात हेळवी येत असतील तर त्यांना रिकाम्या हाती पाठवू नका. पिढ्यान् पिढ्या ठराविक घरांच्या वंशावळी त्यांच्या वहीत असतात. आपल्या घराचा हेळवी कोण हे भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. तो सांगेल ती नावं लगेच लिहून घ्या आणि त्याच क्रमाने फेरफाराशी ताडा. सरकारी कामाला पुरावा म्हणून लागते ती फेरफाराची नक्कल.