ध्यानाला बसलं तर खरा ‘मी’ सापडतो का?

तुमचा प्रश्न असा: ‘स्व म्हणजे नेमकं काय? तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र त्याबद्दल काय म्हणतात? रोज तासभर ध्यानाला बसलं तर खरा मी सापडेल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही सापडणार. झोप चांगली लागेल, राग कमी होईल, तेवढ्यासाठी जरूर बसा. पण आपण कोण हे एकट्याने डोळे मिटून कळत असतं, तर माझ्या बाबांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते सांगताना अडखळावं लागलं नसतं. त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिलेला नाही.

मी नागपूरची. घर तांडापेठेत, गोळीबार चौकाकडे. आम्ही हलबा. नागपूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या विणकामाचा, म्हणून लोक आम्हाला कोष्टी म्हणत आले. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा, हलबी’ आहे, ‘हलबा-कोष्टी’ नाही. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यादी जशी आहे तशीच वाचायची, बदल करायचा तर तो संसदेने करायचा, आणि हलबा-कोष्टी तिच्यात बसत नाहीत. तोवर नोकरीत पक्के झालेल्यांना त्या निकालाने हात लावला नव्हता. त्याच न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने तो आडोसाही गेला, आणि २०१९ च्या डिसेंबरात शासनाने आम्हाला ‘अधिसंख्य’ पदांवर टाकलं. आधी ११ महिने, मग मुदतवाढ. अधिसंख्य म्हणजे मंजूर संख्येच्या वरचा माणूस. रोज सकाळी दहाला जाऊन त्याच टेबलावर त्याच फायली काढायच्या, पण मोजताना आपल्याला धरायचं नाही. तुम्ही ‘स्व’बद्दल विचारता म्हणून हा शब्द मुद्दाम सांगितला.

मी १९९३ ला अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. माझ्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी रखडत रखडत १९९८ च्या मे महिन्यात आमच्या दारात आली. चौकशीला येणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येईल असा निरोप होता. आदल्या रात्री माझा मोठा भाऊ बाबांना समजावत बसला होता. ‘बाबा, काही झालं तरी मागाचं नाव काढायचं नाही. माग म्हटला की कोष्टी आलं, आणि कोष्टी आलं की पोरीची नोकरी गेली.’ बाबांनी मान हलवली.

बाबांनी चाळीसच्या वर वर्षं माग चालवला. खड्ड्याचा माग, मधल्या खोलीत. नऊवारी लुगडी, रेशमी काठाची. माझं सगळं लहानपण त्या धोट्याच्या आवाजात गेलं. आई कांड्या भरायची, मी आणि दादा सुताला खळ लावताना दोन्ही टोकांना उभे राहायचो. पुढे पॉवरलूमच्या मालापुढे हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. १९९४ ला माग मोडून लाकूड विकलं, खड्ड्यात विटांचा चुरा टाकला आणि वर शहाबादी फरशी बसवली. चुरा खाली बसला असावा, कारण तेवढी जागा पाय पडला की पोकळ वाजायची. चौकशीच्या दिवशी सकाळी मी तिथे सतरंजी अंथरली आणि त्यावर पाहुण्याची खुर्ची ठेवली. हे मी केलं, दादाने सांगितलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता. पाणी घेतलं, चहा घेतला, कूलरसमोर दोन मिनिटं बसला आणि मग कागद काढला. कुळाचा देव कोणता? लग्नात कोणते विधी करता? मयत झालं की काय काय करता? तुमच्या जमातीचा नाच कोणता? हलबी बोली येते का? बाबा प्रत्येक प्रश्नाला थोडा वेळ घेत होते. ‘आमच्यात जसं करतेत तसंच करतो जी.’ बोलीचं विचारल्यावर म्हणाले, ‘माही आजी बोले, मी लहान होतो.’ नाचाचं विचारल्यावर ते आईकडे पाहायला लागले. मग त्याने विचारलं, ‘धंदा काय होता तुमचा?’ बाबा दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते. म्हणाले, ‘मजुरी.’

तो माणूस मागाच्या खड्ड्यावर बसून विचारत होता आणि बाबा सांगत होते, मजुरी.

तो गेल्यावर बाबांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली, सतरंजीची घडी केली, आणि टाचेने ती फरशी दोनदा ठोकली. आईला म्हणाले, ‘मले माह्यंच काई आलं नाही.’ त्यानंतर त्या विषयावर ते फार बोलले नाहीत. २००१ ला दावा अवैध ठरला.

आता तुमच्या तत्त्वज्ञानाकडे येते, पण दादाला बाजूला ठेवून मला येता येत नाही. दावा गेल्यावर वर्षभराने दादा अध्यात्माकडे वळला. तोवर तो पुण्याला स्थिरावला होता. शिबिरं, वाचन, पहाटे चारला उठणं. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने बाबांसमोर बसून सांगितलं, ‘बाबा, हलबा काय अन् कोष्टी काय, ही सगळी नावं-रूपं आहेत. तुम्ही यातलं काहीच नाही. तुम्ही नुसते साक्षी आहात.’ बाबा तेव्हा एक वाक्य बोलले ते मी विसरणार नाही. ‘मले साक्षी नाही पायजे बाप्पा. मले साक्षीदार पायजे होता.’

दादाशी माझा वाद तेव्हापासूनचा आहे. तो म्हणतो तो विचार मोठा आहे, हे मला मान्य आहे. अद्वैत सांगतं की जे जे दिसतं, बदलतं, ते ते तू नाहीस, पाहणारा तू. पण दादा एका श्वासात साक्षी म्हणतो आणि पुढच्या श्वासात शिबिरात शिकलेलं अनात्म, आणि हे दोन एक नाहीत. वेदान्त सगळं सोलून झाल्यावर आत्मा उरतो असं म्हणतो. बुद्ध म्हणतात, उरणारं असं वेगळं काही नाही. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाचं उदाहरण दिलं होतं: चाक रथ नाही, आस रथ नाही, दांडा रथ नाही, आणि हे सगळं काढून घेतलं तर रथ म्हणून वेगळं काही राहत नाही. सगळं एकत्र जुळलं की आपण त्याला रथ म्हणतो. शेकडो वर्षांनी स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये जवळजवळ तेच लिहिलं: मी आत डोकावतो तेव्हा ऊन, थंडी, प्रेम, द्वेष असलं काहीतरी सापडतं, नुसता ‘मी’ कधी हाती लागत नाही. म्हणजे ध्यानात ‘मी’ सापडेल का या तुमच्या प्रश्नाला, आत सगळ्यात कसून पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ‘नाही’ असंच उत्तर दिलेलं आहे.

मला समाजशास्त्रवाल्यांचं जास्त पटतं, आणि त्याचं कारण बाबा आहेत. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये आरशातला स्व मांडला. समोरच्याला मी कसा दिसत असेन, तो मला काय ठरवत असेल, आणि त्यावरून मला वाटणारा अभिमान किंवा लाज, या तिन्हींतून माझा ‘मी’ घडतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीडने त्यात फोड केली: इतरांच्या नजरेतून तयार झालेला एक भाग, आणि त्याला उत्तर देणारा दुसरा. इंग्रजीत पहिल्याला ‘me’ आणि दुसऱ्याला ‘I’ म्हणतात. आपल्याकडे ‘मला’ आणि ‘मी’ म्हणता येईल. फरशी ठोकून बाबा जे बोलले त्या वाक्यात ‘मले’ होता, ‘मी’ नव्हता. उत्तर देणाऱ्या ‘मी’ला आम्हीच आदल्या रात्री गप्प बसवलं होतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते आठवण जिथवर जाते तिथवर माणूस तोच. बाबा २०११ ला गेले. शेवटच्या वर्षभरात त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, आईला ते ‘बाई’ म्हणायचे. पण गोधडीचा एखादा टाका सुटलेला दिसला की अंगठा आणि दोन बोटं पुढे यायची, सुताची टोकं चिमटीत यायची आणि गाठ बसायची. ताण्याचा धागा तुटला की विणकर मारतो तीच गाठ, बारीक, सपाट, बोट फिरवलं तरी न लागणारी. डोळे खिडकीकडे असायचे. एकदा मी मोजलं, दुपारभरात अकरा गाठी. लॉकच्या हिशोबाने तो माणूस संपलेला होता. माझ्या हिशोबाने १९९८ च्या दुपारी त्यांना जे सांगू दिलं नाही, ते त्यांचे हात सांगत होते.

नागपुरात राहून ‘स्व’ ही आतली गोष्ट आहे असं कोणी म्हटलं की मला त्याचं नवल वाटतं. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी मिळून ठरवलं की आपण आता कोण आहोत. त्या बावीस प्रतिज्ञांत एक अशी आहे की आज माझा नवा जन्म होत आहे असं मी मानतो. ती एकट्याने घरात बसून म्हटली असती तर तिला तो अर्थ आला नसता. लाखो लोक ऐकायला होते, म्हणून ती खरी झाली. (बाबासाहेबांचे कोलंबियातले शिक्षक जॉन ड्युई आणि वर सांगितलेले मीड हे शिकागोत वर्षानुवर्षं सहकारी होते. माणूस समाजातच घडतो हा विचार तिथे दोघांनीही मांडला.) आणि याच शहरात २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, नुसतं ‘गोवारी’ नाही, एवढ्या एका शब्दाचा तो प्रश्न होता. त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलाखालून मी रोज जाते. नावं-रूपं सोडून द्या असं त्या लोकांना सांगायची माझी छाती नाही.

तेव्हा तुम्ही सुरुवात कुठून करावी? शाळेचा दाखला काढा. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते मिळालं तर पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही दिवसभर हाताने काय करत होतात, आणि त्यांना मध्ये तोडू नका. ‘मी कोण’ हा प्रश्न तुम्हाला आजवर कोणी कोणी विचारला, कुठल्या खुर्चीत बसून विचारला, आणि तुम्ही कोणाला काय उत्तर दिलंत ते लिहून काढा. घर भाड्याने घेताना सांगितलेलं, मुलगी पाहायला गेल्यावर सांगितलेलं, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलेलं. जी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत तिथे थांबा. ध्यानाला बसायचंच असेल तर ते लिहून झाल्यावर बसा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. गडचिरोलीकडचे आदिवासी बांधव म्हणतात की यादीतल्या जागा त्यांच्या वाट्याच्या आहेत आणि शहरातल्या विणकरांनी त्या घेऊ नयेत. त्यांचं हे म्हणणं मला कळतं, आणि रात्री कधी कधी त्याने झोप येत नाही. आम्ही रक्ताने हलबा आणि हाताने कोष्टी असू शकतो, पण कागदावर रकाना एकच होता. नाच कोणता, देव कोणता असल्या चाचणीवरच सगळं ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२३ मध्ये म्हटलं आहे. बाबा तेव्हा नव्हते.

दादाबद्दलही. ध्यानाने त्याची दारू सुटली, वहिनीला विचाराल तर ती मला वेड्यात काढेल. आणि त्या रात्री तो बाबांना जे बोलला ते माझ्या नोकरीसाठी बोलला. मी त्याला आजवर हे म्हटलेलं नाही, इथे म्हणते. पण साक्षी व्हायच्या आधी साक्षीदार व्हावं लागतं, या मुद्द्यावरून मी हटणार नाही.

या पावसाळ्यात मधल्या खोलीची फरशी बदलायला काढली आहे. मिस्त्री म्हणाला, ताई, इथे खाली पोकळ आहे, काँक्रीट भरून टाकू का. मी त्याला तेवढी जागा सोडून बाकीचं काम कर म्हटलं. दादा दिवाळीला येतोय. त्याच जागेवर खुर्ची टाकून त्याला बसवणार आहे, आणि विचारणार आहे, बाबांचा धंदा काय होता.