पन्नाशीनंतर कानी पडलेला नवा बँड

वाचकांचे प्रश्न : संगीत

प्रश्न : माझे वय ५३ आहे आणि मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. गेल्या दिवाळीत आम्ही पिंपळपारावरची पाडवा पहाट ऐकून घरी आलो आणि फराळ चालू असताना भाचीने फोनवर एक गाणे लावून दिले. साठी ओलांडलेल्या तिघी जणी, त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी, गिटार, बास आणि ड्रम वाजवत गात होत्या. बँडचे नाव ‘फॅनी वॉक्ड द अर्थ’ असल्याचे भाचीने सांगितले. गेली पंचवीस वर्षे मला एकही नवे गाणे धरून ठेवता आलेले नाही, मराठी नाही आणि हिंदीही नाही. मात्र त्या दिवसापासून रात्रीची भांडी आवरताना ओट्यावर फोन ठेवून मी याच तिघींना ऐकते आहे, आणि शब्द निम्मेच कळत असूनही कंटाळा येत नाही. घरात याची थट्टा होते. यजमान म्हणतात, “त्यांचे केस काळे असते तर तू ऐकले असतेस का?” हा प्रश्न मला टोचला आहे, कारण त्याचे उत्तर मला खात्रीने देता येत नाही. लहानपणी मी पेटीवर मध्यमा प्रथमपर्यंतच्या परीक्षा दिल्या. मला खरे तर तबला शिकायचा होता, परंतु क्लासमध्ये सांगण्यात आले की मुलींनी गावे, फार तर पेटी धरावी, तबल्याला मुले आहेत. माझी ही आवड खरी आहे की नुसते कौतुक आहे? आणखी कोणाला ऐकावे? आणि या वयात वाद्याला हात लावणे हास्यास्पद ठरेल का?

उत्तर : आपल्या यजमानांचा प्रश्न खोचक असला तरी वाईट नाही. त्याचे उत्तर कानांनीच द्यावे लागेल, आणि त्यासाठी आधी ओट्यावरचा फोन बाजूला ठेवावा लागेल. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खर्ज पेलवत नाही. त्या स्वराचे वरचे अंश तेवढे बाहेर पडतात आणि उरलेला स्वर आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो. म्हणजे तिघींतल्या एकीचे काम आपण आतापर्यंत जवळजवळ ऐकलेलेच नाही. बरे हेडफोन लावा, पडद्याकडे पाहू नका, आणि एक गाणे केवळ बासच्या मागे जात ऐका. पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बासचा स्वर कुठे एकत्र पडतात, कुठे एक दुसऱ्यासाठी थांबतो, गिटार कोणत्या जागा मुद्दाम मोकळ्या सोडते, याकडे लक्ष द्या. तबला-पेटीच्या साथीत डग्ग्याची घुमक समेवर कशी येऊन बसते हे आपण लहानपणापासून ऐकलेले असणार, त्यामुळे हे ओळखायला आपल्याला फार वेळ लागणार नाही. अशा ऐकण्यात केसांचा रंग कुठेच येत नाही. त्यानंतरही गाणे पुन्हा लावावेसे वाटले, तर यजमानांना निःशंकपणे उत्तर द्या.

आता या तिघींविषयी, कारण ‘नवा बँड’ हे शब्द येथे अर्धेच खरे आहेत. जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणींचा जन्म फिलिपिन्समधील मनिला येथे अनुक्रमे १९४८ आणि १९४९ साली झाला. आई फिलिपिनो, वडील अमेरिकन नौदलातले. १९६१ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोला गेले. परक्या शाळेत एकट्या पडलेल्या या मुलींच्या हातात आधी युकुलेली हे गिटारसारखे छोटे वाद्य होते, पुढे जूनने गिटार घेतली आणि जीनने बास. त्यांचा ‘फॅनी’ हा बँड १९७० साली एका मोठ्या कंपनीकडून पूर्ण अल्बम काढणाऱ्या अगदी पहिल्या महिला रॉक बँडपैकी एक ठरला, आणि त्यातील प्रत्येक वाद्य त्या स्वतः वाजवत होत्या. तो काळ असा होता की स्टेजवर गिटार घेतलेली मुलगी दिसली की वाजवणारा पडद्याआड असेल, अशी शंका प्रेक्षक आधी घेत. काही अल्बम निघाले, एकदोन गाणी अमेरिकेतल्या लोकप्रिय यादीत पहिल्या चाळिसात गेली, आणि १९७५च्या सुमारास बँड मोडला. पुढे हे नाव इतके विस्मरणात गेले की १९९९ मध्ये डेव्हिड बोवी या मोठ्या गायकाने त्याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. ‘गो-गोज’ या बँडचा अल्बम १९८२ मध्ये अमेरिकन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवणाऱ्या बायकांच्या बँडला असे यश प्रथमच मिळाले, असा त्याचा गौरव झाला. तो खराच होता, परंतु ती वाट बारा वर्षे आधी कोणी तुडवली होती हे तेव्हा फार थोड्यांना आठवले.

२०१८ साली मिलिंग्टन भगिनींनी, फॅनीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या काळात ड्रम वाजवणाऱ्या ब्री डार्लिंगला बरोबर घेऊन, नव्या नावाने नवी गाणी प्रसिद्ध केली. आपण ऐकता आहात तो हाच अल्बम. तो येण्याच्या सुमारासच जीनला पक्षाघाताचा झटका आला आणि ठरलेले कार्यक्रम गुंडाळावे लागले. नंतरच्या कार्यक्रमांत ती गायली, आणि बास तिच्या मुलाने हातात घेतला. मला या साऱ्या कहाणीतली हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटते, कारण आपल्याकडे गुरूचा हात थकला की मागे बसलेला शिष्य तान उचलतो, तशीच ही रीत आहे.

पंचवीस वर्षांत काही रुचले नाही, याचे आपण वाईट वाटून घेऊ नये. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही त्याच कप्प्यात जाऊन बसतात. माझे मत मात्र थोडे वेगळे आहे. आपल्या पत्रात बँडबरोबर तबलाही आला आहे. नव्या बँडने आपल्याला नवीन काही दिले असेलच, पण त्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वी क्लासच्या दारात अडवलेली एक इच्छाही त्याने आत आणून बसवली आहे, असे मला वाटते. ती खोटी आवड कशी असेल?

आपल्याकडे गाणाऱ्या बाईचे वय कधी आड आले नाही. प्रभा अत्रे ९१व्या वर्षी, १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या, तेव्हा त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. अडचण होती ती वाजवणाऱ्या बाईची. आमच्या पंचवटीत माझी एक मावशी भजनी मंडळात अशी ढोलकी वाजवी की देवळाबाहेरून जाणारी माणसे थबकत. तरी घरच्या लग्नात ढोलकी बाहेरून बोलावलेल्या माणसाकडे जाई आणि मावशी पंगतीत तूप वाढत असे. तिने कधी तक्रार केली नाही. मात्र वाढता वाढता तिची डाव्या हाताची बोटे तुपाच्या भांड्यावर ठेका धरत, हे मी पाहिले आहे. ज्या नाशिकमध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आश्रम मांडला, आणि ज्या गावात त्यांचे गायक पुत्र द. वि. पलुसकर जन्मले, त्या गावात ही गोष्ट घडावी याची मला आजही थोडी लाज वाटते.

म्हणून पुढचे ऐकणे मी वाजवणाऱ्यांपासूनच सुचवीन. आबान मिस्त्री यांचा एकल तबला मिळेल तेथून ऐका. मुंबईच्या या पारशी बाईंनी, तबला हे पुरुषांचे वाद्य मानले जात असताना, त्याच वाद्यात नाव केले. जरीन दारूवाला यांचा सरोद चित्रपटांच्या गाण्यांत आपण नकळत ऐकलेला असेल, आता त्यांचे रागवादन ऐका. एन. राजम यांचे व्हायोलिन ऐकाच, आणि जमल्यास कन्या संगीता शंकर व नाती रागिणी आणि नंदिनी यांच्यासह त्या वाजवतात ती मैफल शोधा. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखे, वाजणारे तेच वाद्य तीन पिढ्यांच्या हातांत किती वेगळे बोलते, हे तेथे शेजारी शेजारी ऐकायला मिळते. तबलावादक अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये ‘स्त्री शक्ती’ हा वाजवणाऱ्या बायकांचा संच उभा केला आणि अलीकडे गायिका कौशिकी चक्रवर्ती यांच्या ‘सखी’ या संचामध्ये तबला, पखवाज, व्हायोलिन, बासरी सारे स्त्रियांच्या हाती आहे. यांपैकी कोणीही आपल्याला आवडलेच पाहिजे असे नाही. रॉक आवडला म्हणून शास्त्रीयही ऐकावेच लागते, हा आपल्याकडचा जुना दंडक मी मानत नाही.

राहिला वाद्याचा प्रश्न. गिटार नको, तबलाच घ्या. दोन तोंडे, दहा बोटे आणि एक जुनी हौस, एवढे भांडवल आपल्यापाशी आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून स्टँडवर तबला-डग्गा ठेवायला हरकत नाही, आणि शिकवणारे त्याला नाक मुरडत असतील तर शिकवणारे बदला. पहिले दोन महिने केवळ ‘ना’ आणि ‘धा’ हे बोल स्वच्छ निघावेत एवढीच अपेक्षा ठेवा. ‘ना’ वाजताना तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली राहते. हे टेकणे प्रौढ विद्यार्थी जास्त दाबून करतात आणि आवाज मुका होतो. रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती भांडी आवरण्यापूर्वी, नंतर नव्हे.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पला राहणारा ६४ वर्षांचा निवृत्त माणूस आहे. जुने कलाकार म्हातारपणी पुन्हा एकत्र येतात, तेव्हा ते आपल्या आठवणीच आपल्याला विकत नाहीत का?

उत्तर : पुष्कळदा विकतात. आपल्या कालिदास कलामंदिरातल्या कितीतरी ‘सुवर्णकाळ’ संध्याकाळींना गायक बदलतात आणि गाण्यांची यादी तीच राहते, हे आपणही पाहिले असेल. मी स्वतः त्यांची तिकिटे काढली आहेत, तेव्हा उगाच शहाणपणा सांगत नाही. परंतु वरच्या प्रश्नातल्या तिघींनी जुने नाव आणि जुनी गाणी यांवर भागवले नाही, नाव नवे घेतले आणि गाणी नवी रचली. साठीनंतर नवे गाणे रचून ते फसण्याचा धोका पत्करणारा कलाकार आठवणी विकत नसतो. तिकीट काढण्यापूर्वी कार्यक्रमात नवे काय आहे एवढे विचारा. उत्तर देणारा गोंधळला, तर घरीच रेडिओ लावा.

प्रश्न : आम्ही पंचवटीतल्या महिला भजनी मंडळातल्या पाच जणी, वये ५८ ते ७१. पेटी, ढोलकी, मंजिरी, टाळ आणि एकीच्या नातवाचा कीबोर्ड घेऊन आम्ही गाण्यांबरोबर केवळ वाद्यांचाही कार्यक्रम बसवतो आहोत. मात्र सगळ्या जणी वाजवू लागलो की गोंगाट होतो, आणि पेटीच्या नेहमीच्या पट्टीत आता आवाजही चढत नाही.

उत्तर : दोन्ही दुखण्यांवर उपाय आहे. बायकांचा आवाज उतारवयात खाली येतो, त्याची खंत न करता पट्टी खाली आणावी. काळी चारवर गात असाल तर पांढरी पाच, आणि तीही जड गेली तर काळी तीन. त्यानंतर ढोलकीचे लहान तोंड त्याच पट्टीच्या षड्जाला मिळवून घ्या. जुन्या पट्टीतली ढोलकी नव्या पेटीशी भांडते, आणि आपल्याला वाटतो तो गोंगाट बराचसा तेथेच असतो. उरलेल्या गोंगाटासाठी पहिल्या ओळीला कोण वाजवणार नाही हे आधी ठरवा. कीबोर्ड आणि पेटी एकाच वेळी एकच चाल वाजवत असतील तर कीबोर्डवर केवळ खालचा षड्ज-पंचम धरा, आणि टाळ दुसऱ्या कडव्यापासून आणा. तालमीच्या वेळी एकीने आळीपाळीने बाहेर ओट्यावर बसून ऐकावे आणि आत येऊन सांगावे की कोणते वाद्य ऐकू आले नाही.