वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांच्या पश्चात त्यांची ऑनलाइन खाती आम्हाला उघडता यावीत, म्हणून सगळे पासवर्ड डायरीत लिहून ठेवले की पुरे का?

डायरी ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. पासवर्ड बदलतात, आणि अगदी बरोबर असला तरी ओटीपी येणार तो त्यांच्याच मोबाइलवर. डायरीत पहिल्या ओळीत मोबाइलचा पिन लिहा, त्याखाली कुठलं खातं कुठल्या ईमेलला आणि नंबरला जोडलंय ते.

मला बोलायचंय ते सिमबद्दल. माणूस गेला की तेराव्याच्या आत कुणीतरी म्हणतंच, "आता कशाला रिचार्ज?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर तिसऱ्याच माणसाला मिळतो. मग ईमेलचा ओटीपी त्याच्याकडे! वर्षभर तरी रिचार्ज चालू ठेवा. मृत्यूचा दाखला दाखवून कंपनीच्या दुकानात सिम वारसाच्या नावावर करून घेता येतं, तेही करा.

सिम मात्र साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि त्यांचा स्मार्टफोन बंद ठेवा. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ते वडिलांकडून आत्ताच भरून घ्या. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरात नसलं, की त्यांनी निवडलेल्या माणसांना (जास्तीत जास्त १०) फोटो, मेल उतरवून घेता येतात. पण अँड्रॉइड फोन घरात चार्जिंगला लावून चालू ठेवला, तर गूगलच्या लेखी खातं चालूच असतं आणि मुदत सुरूच होत नाही. दुसरी गफलत नंबरची होते. निवडलेल्या माणसाला पडताळणीचा कोड मोबाइलवर येतो. त्याने नंबर बदलला असेल तर सगळं तिथेच अडतं. शिवाय नाव घालताना गूगल त्याला काही कळवत नाही, म्हणून तुम्हीच सांगून ठेवा. काहीच भरलं नाही, तर २ वर्षं पडून राहिलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं.

आयफोन असेल तर 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे त्यांच्या पश्चात खातं उघडू शकणारा माणूस, नेमा आणि मिळणारी ॲक्सेस की (त्यासाठीचा कोड) छापून ठेवा. ती आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. साठवलेले पासवर्ड त्यातून मिळत नाहीत, तिथे डायरीच कामाला येते.

एक राहिलंच. सिम चालू ठेवा म्हटलं ते त्यांच्या यूपीआयवरून पैसे काढण्यासाठी नव्हे. नॉमिनी असलात तरी ते चालत नाही. बँकेला कळवा, दाखला देऊन क्लेम फॉर्म भरा.