द्रावण गोठत नाही

आर्णी तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, कारखान्यात द्रावणातून स्फटिक तयार करण्याच्या प्रक्रियेच्या गणिती प्रतिमानावरील प्रकल्पाच्या शीर्षकात 'स्फटिकीभवन' लिहावे की 'स्फटिकीकरण', आणि ती प्रक्रिया संगणकावर चालवून पाहण्याला, म्हणजे सिम्युलेशनला, मराठीत काय म्हणावे. त्याच्या मसुद्यात मात्र जागोजागी 'द्रावण गोठल्यावर' असे आले आहे, आणि हा शब्दप्रयोग ऐकून माझे कान किटले आहेत. पाणी गोठते, तूप थिजते. साखरेचे दाणे पाकातून वेगळे होतात तेव्हा उरलेला पाक पातळच असतो. ग्रीकांना 'गोठणे' शोभले असते, कारण इंग्रजी 'क्रिस्टल' ज्यावरून आला तो त्यांचा 'क्रुस्टालॉस' म्हणजे मुळात बर्फ.

आपला 'स्फटिक' त्या वाटेने आलेला नाही. 'स्फट्' म्हणजे फुटणे, फुलणे. संस्कृतात तुरटीही 'स्फटिका' आहे, आणि नागपूरकडे कानावर पडणारी हिंदी 'फिटकरी' त्याच घराण्यातली. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळावे म्हणून घागरीत फिरवतो तो खडा तव्यावर ठेवून पाहा. आधी तो पाझरतो, मग बुडबुडे येऊन फुगतो आणि शेवटी पांढरी, पोकळ लाही उरते, कारण तुरटीच्या वजनात सुमारे ४५ टक्के स्फटिकजल, म्हणजे स्फटिकातच बांधलेले पाणी, असते. नाव ही लाही पाहूनच पडले असावे, असे माझे ठाम मत आहे.

परिभाषेत व्युत्पत्तीला काय काम, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी एकदा कारखान्याच्या टाकीत डोकवावे. ढवळणीच्या पात्यावर आपटून स्फटिकांचे कण उडतात आणि तेच नव्या स्फटिकांचे बीज होतात. हलबर्ट आणि कॅट्झ या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलेल्या समीकरणाने प्रत्येक आकाराच्या स्फटिकांचा हिशेब ठेवता येतो, पण या फुटीतून होणाऱ्या जन्माचा दर नेमका बसवताना गणिताची खरी दमछाक होते. 'स्फट्' तिथे अक्षरशः खरा ठरतो.

शीर्षकाचे उत्तर 'भू' आणि 'कृ' या धातूंतच आहे. पदार्थ आपणहून स्फटिकरूप होतो ते भवन, आणि तापमान ठरवून, बीज टाकून आपण ते घडवून आणतो ते करण. म्हणून शीर्षकात 'औद्योगिक स्फटिकीकरण' आणि वाढीचा दर सांगताना 'स्फटिकीभवन' लिहावे. सिम्युलेशन आहे तसेच राहू द्यावे.